पुण्याचे मालक, लँकेशायरचा क्लब : मालक बाहेरचा आला की चाहत्यांनी काय तपासायचं?

ताळेबंद

इंग्लंडमधला एखादा क्लब परदेशी माणूस घेणार अशी बातमी फुटली की आपल्याकडची चर्चा ठरलेली असते. अर्धे म्हणतात, पैसा येतोय तर येऊ द्या. अर्धे म्हणतात, क्लब विकून खाल्ला. कागद कुणीच उघडत नाही, म्हणून हा धागा.

उदाहरण मुद्दाम घरचं घेतो : लँकेशायरमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स. क्लब १८७५ चा. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी एक आणि १९९४-९५ चा प्रीमियर लीग विजेता. ते विजेतेपद जॅक वॉकर या पोलादवाल्याच्या पैशावर आलं, पण तो तिथलाच होता. २००० मध्ये तो गेला आणि क्लब त्याच्या ट्रस्टकडे राहिला. हळूहळू ट्रस्टने हात आखडता घेतला आणि १९ नोव्हेंबर २०१० रोजी क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना पुण्याच्या वेंकीज या कोंबडी-व्यवसायातल्या कंपनीला विकला. म्हणजे या गोष्टीतले 'परके' आपण आहोत. रशियन, अरब, अमेरिकन मालकांवर बोलताना हे जरा लक्षात असू द्यावं.

ब्लॅकबर्नच्या लोकांचा राग मालक भारतीय आहेत म्हणून पेटला नव्हता. ताबा घेतल्यावर २४ दिवसांनी, संघ तेराव्या स्थानावर असताना, सॅम अलार्डाइसला काढलं. त्याच्या जागी स्टीव्ह कीन आला. तोवर तो प्रशिक्षकांच्या चमूत होता, मुख्य व्यवस्थापक म्हणून त्याने कुठलाच संघ सांभाळलेला नव्हता. फेब्रुवारी २०११ मध्ये क्लब आतून-बाहेरून ओळखणारे अध्यक्ष जॉन विल्यम्स गेले. ७ मे २०१२ ला घरच्या मैदानावर विगनकडून ०-१ हार झाली आणि प्रीमियर लीगमधली सलग ११ वर्षं संपली. त्या सामन्यात कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली. पुण्यात त्याचा विनोद झाला, ब्लॅकबर्नमध्ये कुणी फारसं हसलं नाही.

माझं म्हणणं एवढंच की पासपोर्ट बघू नका. पैसा कुठल्या रूपात आत येतो, कुठल्या वाटेने बाहेर जातो आणि रोजचे निर्णय घेणारा माणूस गावात राहतो की नाही, हे बघा. जाणकारांनी भर घालावी.

लाल_मफलर

पैशाच्या रूपाबद्दल बोलायचं तर मँचेस्टर युनायटेडशिवाय पर्याय नाही. ती खरेदी पायरीपायरीने समजून घ्या, कारण विरोध कुठल्या पायरीवर होऊ शकतो ते त्यातच कळतं.

युनायटेड १९९१ पासून लंडनच्या शेअर बाजारात होता. माल्कम ग्लेझर या अमेरिकन उद्योजकाने मार्च २००३ पासून थोडेथोडे शेअर उचलले. ब्रिटनच्या टेकओव्हर संहितेनुसार ३० टक्क्यांची रेघ ओलांडली की उरलेल्या सगळ्यांना खरेदीचा प्रस्ताव द्यावाच लागतो, त्यामुळे तो बराच काळ रेघेच्या अलीकडे थांबला. मॅकमॅनस आणि मॅग्नियर या शर्यतीच्या घोड्यांच्या धंद्यातल्या दोन आयरिश माणसांकडे २८.७ टक्के होते. १२ मे २००५ ला ३०० पेन्सच्या भावाने ते त्याने घेतले आणि एका दिवसात ५७ टक्क्यांच्या आसपास पोचला.

पण खरेदीचं कर्ज क्लबवरच टाकायचं होतं आणि त्याला ५७ टक्के पुरत नव्हते. त्या वेळच्या कंपनी कायद्यात सार्वजनिक कंपनी स्वतःचेच शेअर घेणाऱ्याला आर्थिक मदत करू शकत नसे. खाजगी कंपनी मात्र ठरावीक सोपस्कार करून करू शके. सार्वजनिकची खाजगी करायला विशेष ठराव लागतो आणि विशेष ठरावाला ७५ टक्के. म्हणून चाहत्यांच्या 'शेअरहोल्डर्स युनायटेड'चा सगळा जोर २५ टक्के अडवून धरण्यावर होता. ते जमलं नाही. चार दिवसांत ७५ गाठले, २२ जूनला शेअर बाजारातून नाव गेलं. पुढे नव्वदीचा टप्पा ओलांडल्यावर उरलेल्या चाहत्यांचे शेअर कायद्यानेच ओढून घेतले गेले. पिढ्यान्‌पिढ्या घरात फ्रेम करून ठेवलेली शेअरपत्रंही त्यात गेली.

व्यवहार ७९ कोटी पौंडांचा. त्यातलं २६.५ कोटींचं कर्ज थेट क्लबच्या मालमत्तेवर आणि २७.५ कोटी हेज फंडांकडून. हा दुसरा भाग 'पिक' प्रकारचा, म्हणजे व्याज रोख भरायचं नाही, मुद्दलात मिळवत जायचं. २००६ च्या फेररचनेनंतर त्याचा दर १४.२५ टक्के होता. या दराने रक्कम सव्वापाच वर्षांत दुप्पट होते. १३.८ कोटी उरले होते, ते २०१० पर्यंत २२ कोटींच्या घरात गेले. जानेवारी २०१० मध्ये एकूण कर्ज ७१.६५ कोटी. २००५ च्या आधी या क्लबवर म्हणण्यासारखं कर्जच नव्हतं.

दुसऱ्याच्या घराच्या तारणावर कर्ज काढून तेच घर विकत घ्यायचं आणि हप्ते घरात राहणाऱ्यांनी भरायचे, असा हा प्रकार.

ऑफसाइड_काका

आमच्याकडे याला 'तुझ्याच पैशाने तुला पाहुणचार' म्हणतात. पण काय हो ताळेबंद, त्या मानाने पुणेकर बरेच म्हणायचे की!

ताळेबंद

काका, पैशाच्या रूपापुरतं बघितलं तर हो, बरेच बरे. वेंकीजने क्लब 'वेंकीज लंडन लिमिटेड' या मधल्या कंपनीमार्फत घेतला. तोटा भरायला क्लबला मालकाकडून बिनव्याजी कर्ज मिळत गेलं आणि त्याचा काही भाग वेळोवेळी भागभांडवलात बदलला गेला. ग्लेझरांसारखा लाभांश त्यांनी काढलेला नाही. युनायटेडमधून व्याज, लाभांश आणि शुल्क धरून एक अब्ज पौंडांच्या वर रक्कम बाहेर गेली. ब्लॅकबर्नमध्ये प्रवाह उलटा आहे.

चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या स्तरात, तो तसा असावाच लागतो. तिथे बऱ्याच क्लबांचा पगारखर्चच एकूण उत्पन्नाच्या वर जातो. लीगच्या नियमाने तीन हंगामांत जास्तीत जास्त ३.९ कोटी पौंड तोटा दाखवता येतो आणि तोही मालकाने भांडवल घातलं तरच. नाहीतर मर्यादा दीड कोटी. अकादमी, महिला संघ आणि समाजकार्यावरचा खर्च या हिशोबातून वगळतात. ब्लॅकबर्नलाही डिसेंबर २०१४ मध्ये याच कारणाने खेळाडू घेण्यावर बंदी आली होती.

म्हणजे पैसा मुबलक घालूनही चुकतं ते कशात? २०१२-१३ च्या एकाच हंगामात बघा. कीन गेला, हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकला, मायकेल ॲपलटन ६७ दिवस. प्रत्येक वेळी करार मोडण्याची भरपाई, नव्या माणसाला नवे खेळाडू, जुन्यांचे पगार चालूच. २०१७ मध्ये केवळ गोलफरकाने तिसऱ्या स्तरावर घसरण. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिथवर जाण्याची ती पहिलीच वेळ. टोनी मोब्रेने पुढच्याच वर्षी वर आणला, हेही सांगायला हवं.

कोथरूड_कट्टा

मला एकतर्फी वाटतंय. इतकी वर्षं तोटा भरणारा मालक इंग्लंडमध्ये किती क्लबांना मिळालाय? शेजारच्या बर्नलीचं बघा. डिसेंबर २०२० मध्ये एएलके या अमेरिकन गटाने ८४ टक्के घेतले, साडेसहा कोटी पौंडांचं कर्ज क्लबवर आलं आणि २०२२ ला घसरण झाल्याबरोबर त्यातला मोठा हिस्सा फेडायची पाळी आली. शेफील्ड वेन्सडेचा मालकही बाहेरचाच, पैसे थांबले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये क्लब दिवाळखोरीतल्या प्रशासकाकडे गेला. १२ गुण वजा. पुण्याच्या लोकांनी निदान दुकान बंद पडू दिलेलं नाही.

दुसरं म्हणजे कोंबड्यांवरून जे काही बोललं गेलं त्यात चेष्टा किती आणि 'हे कोण आलेत आम्हाला शिकवायला' ही भावना किती? चाहत्यांच्या रागात वर्णाचा वास अजिबातच नव्हता असं म्हणणं भाबडेपणाचं होईल.

लाल_मफलर

>> चाहत्यांच्या रागात वर्णाचा वास अजिबातच नव्हता

मान्य. पण याच चाहत्यांना मालकांनी सुरुवातीला दिलं काय? खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून चिकन खातात अशी जाहिरात. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ निकाल सुधारायच्या धडपडीत असताना बालेवाडीत पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना. दोन्हीत गैर काही नाही, व्यापारी म्हणून ते समजतं. पण आपला संघ कुणाच्या तरी मालाचा फलक झालाय ही जाणीव सामना हरल्यावर दुप्पट बोचते. जिंकत असते तर हीच जाहिरात लोकांनी कौतुकाने फिरवली असती.

सीए_सदाशिव

भारतीय मालक म्हटला की एक मुद्दा येतो, त्यावर इंग्रज चाहत्यांची बरीच वर्षं नजरच गेली नव्हती. पैसा भारतातून निघताना त्याच्यावर फेमाचं, म्हणजे परकीय चलन कायद्याचं, कुंपण आहे.

व्यक्ती म्हणून पाठवायचे तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलर. चॅम्पियनशिपमधल्या एका मधल्या फळीतल्या खेळाडूचा वर्षाचा पगारही त्यात निघायचा नाही. म्हणून कंपनीचा रस्ता घ्यावा लागतो. ऑगस्ट २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांनुसार भारतीय कंपनी आपल्या शेवटच्या लेखापरीक्षित ताळेबंदातल्या नक्त मूल्याच्या ४०० टक्क्यांपर्यंत बांधिलकी स्वयंचलित मार्गाने घेऊ शकते. बांधिलकी म्हणजे भांडवल, कर्ज आणि हमी सगळं मिळून. अधिकृत बँकेकडे फॉर्म एफसी भरायचा, विशिष्ट क्रमांक घ्यायचा, मग रक्कम. दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत परदेशी कंपनीचा कामगिरी अहवाल द्यायचा, तो थकला तर पुढची रक्कम अडते. भारतातून थेट कर्ज दिलं तर त्यावर बाजारभावाचं व्याज लावावं लागतं, त्यामुळे भांडवल लंडनच्या कंपनीत घालून तिथून खाली क्लबला देणं सोपं पडतं.

आणि कंपनीवर तपास यंत्रणेची चौकशी चालू असेल तर त्या यंत्रणेचं ना-हरकत पत्र लागतं. साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं नियम धरतो. वेंकीजच्या बाबतीत अंमलबजावणी संचालनालयाच्या चौकशीमुळे २०२३ पासून ब्लॅकबर्नला पाठवायच्या रकमांसाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, बँक हमीची अट आली. चौकशीच्या निकालावर इथे बोलत नाही. पण लँकेशायरमधला पगारपत्रकाचा हिशोब दिल्लीतल्या तारखेवर लटकतो, ही जोखीम कुठल्याही चाहत्याने २०१० मध्ये मोजली नसेल. २०२४ च्या सुरुवातीला ॲडम व्हार्टनसारखा घरचा मोहरा क्रिस्टल पॅलेसला विकला गेला तेव्हा चाहत्यांनी या दोन गोष्टी जोडल्याच.

ऑफसाइड_काका

अवांतर : म्हणजे चिनी मालकाला बीजिंगची परवानगी, रशियनाला लंडनचे निर्बंध आणि पुणेकराला दिल्लीची तारीख. प्रत्येकाच्या नळाची चावी दुसऱ्याच गावात.

ताळेबंद

काकांनी दोन ओळीत सांगितलं, मला पान लागलं असतं.

आता तपासायचं कसं ते. इंग्लंडमध्ये हे फुकट आणि उघड आहे. कंपनीज हाउस या सरकारी कंपनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर क्लबचं नाव टाकायचं. एकाच नावाच्या तीन-चार कंपन्या निघतात, त्यातली मैदान कुणाच्या नावावर आहे आणि संघ कुणाच्या, हे आधी वेगळं करायचं. मग 'चार्जेस'चं पान. तारण नोंदवायला २१ दिवसांची मुदत असते, म्हणून व्यवहार झाल्यावर महिन्याभराने ते पान पुन्हा बघायचं; पहिल्याच दिवशी बघून 'कर्ज नाही' म्हणणारे इथेच फसतात. सावकाराचं नाव आणि काय काय तारण दिलंय ते तिथल्या दस्तात असतं. दूरचित्रवाणीचे येणारे पैसे, खेळाडू विक्रीचे उरलेले हप्ते, अगदी मैदानसुद्धा.

त्यानंतर नियंत्रकांची नोंद. २५ टक्क्यांवर हक्क असलेल्या माणसाचं नाव तिथे यायला हवं. तिथून वर वर चढत गेलात आणि मध्येच केमन किंवा ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरची कंपनी लागली तर वाट बंद. ताळेबंद मात्र उशिरा मिळतो, वर्ष संपल्यावर नऊ महिन्यांची मुदत आहे. त्यात 'संबंधित पक्षांशी व्यवहार' ही टीप सगळ्यात आधी वाचा. मैदान मालकाच्याच दुसऱ्या कंपनीला विकून फायदा दाखवायची युक्ती तिथेच सापडते. डर्बीने प्राइड पार्क असंच ८ कोटी पौंडांना विकलं होतं. लीगने ती पळवाट २०२१ मध्ये बुजवली.

शिट्टी

मैदान वाचवायला 'समुदायाची मालमत्ता' म्हणून नोंद करतात ना? ओल्ड ट्रॅफर्डची केली होती असं आठवतं. तेवढं पुरेसं नाही का?

लाल_मफलर

२०१३ मध्ये केली होती. २०११ च्या लोकॅलिझम कायद्याने मालकाला मैदान विकायचं असेल तर आधी सहा आठवडे थांबावं लागतं आणि स्थानिक गटाने इच्छा दाखवली तर एकूण सहा महिने. पण मेख अशी की हे जमीन विकली तर लागू होतं, कंपनीचे शेअर विकले तर नाही. आणि क्लबची मालकी जवळजवळ नेहमी शेअर विकूनच बदलते. शिवाय सहा महिन्यांनी मालक हवं त्याला विकू शकतो. तुमच्या गटाने पैसे उभे केले तरी तुम्हालाच द्यायची सक्ती नाही.

खरा फरक पडेल तो २०२५ च्या फुटबॉल प्रशासन कायद्याने. २१ जुलैला त्याला राजमान्यता मिळाली. आता स्वतंत्र नियामक आहे. वरच्या पाच स्तरांतल्या क्लबांना परवाना लागणार, नव्या मालकाच्या पैशाचा उगम तपासला जाणार, बोधचिन्ह आणि घरच्या जर्सीचा मुख्य रंग बदलायचा तर चाहत्यांचं बहुमत लागणार. व्हिन्सेंट टॅनने २०१२ मध्ये कार्डिफच्या 'ब्लूबर्ड्स'ना, म्हणजे निळ्या पाखरांना, लाल कपडे चढवले तेव्हा असं काही नव्हतं. निळा परत यायला जानेवारी २०१५ उजाडलं. हल सिटीचं 'हल टायगर्स' करायला निघालेल्या अल्लमांना मात्र फुटबॉल असोसिएशननेच २०१४ मध्ये अडवलं. ते तर हलमध्येच धंदा उभा केलेले गृहस्थ. रंग-नावाची खोड फक्त दूरच्यांनाच असते असं नाही.

मडगावकर

तुम्ही सगळे इंग्लंडात रमलात. आपल्याकडे चाहत्याच्या हातात काय आहे? इंडियन सुपर लीगमधली एफसी पुणे सिटी २०१४ ला आली, २०१९ ला विसर्जित झाली आणि तिची जागा हैदराबादला गेली. पुण्यात मोर्चा निघायला तरी लोक उरले होते का? गोव्यात २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंगने आय-लीग ही जुनी राष्ट्रीय स्पर्धा सोडली, धेंपोही बाहेर पडले. तिथे परका मालक नव्हता, स्पर्धेचा आराखडाच असा झाला की जुन्या क्लबांना अर्थ उरला नाही.

मुंबई सिटीचे ६५ टक्के २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने घेतले तेव्हा मुंबईत फारशी खळखळ झाली नाही, कारण क्लब पाच वर्षांचा होता आणि रंग आधीच आकाशी. २०२०-२१ ला शील्ड आणि चषक दोन्ही आले, मग तर प्रश्नच मिटला. याउलट मोहन बागान. २०२० मध्ये ८० टक्के हिस्सा एटीके हा दुसरा क्लब चालवणाऱ्या कोलकात्याच्याच उद्योगसमूहाकडे गेला आणि नावाआधी 'एटीके' लागलं. ती तीन अक्षरं काढायला चाहते २०२३ पर्यंत भांडत राहिले. जिंकत असतानाही भांडत राहिले, हे विशेष.

कोथरूड_कट्टा

मडगावकर, हे पटलं. जर्मनीतही तेच दिसतं. तिथे १९९८ पासून ५०+१ चा नियम आहे, मतांचं बहुमत सभासदांच्या संस्थेकडेच. वोल्फ्सबर्ग, लेव्हरकुसेनसारखे अपवाद आहेत. तरी २०२३-२४ मध्ये लीगने प्रसारण हक्कांच्या ८ टक्के हिश्शासाठी बाहेरचा गुंतवणूकदार आणायचं ठरवलं तेव्हा प्रत्येक सामन्यात टेनिस बॉल मैदानात पडू लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने तो विषय सोडला. मालकी मिळाली तरी लोक पहारा उठवत नाहीत.

शिट्टी

मग निषेधाचा कुठला प्रकार चालतो? घोषणा, हिरवे-पिवळे मफलर, बहिष्कार?

ताळेबंद

मालकाचा पैसा कुठून येतो त्यावर ते ठरतं. युनायटेडचे हिरवे-सोनेरी मफलर, म्हणजे न्यूटन हीथ या क्लबच्या जुन्या नावाच्या काळातले रंग, २०१० मध्ये जगभर दिसले. मिलानकडून खेळायला आलेल्या बेकहॅमनेही एक गळ्यात घातला. ग्लेझर हलले नाहीत. तिकिटं विकली जात होती आणि कर्जाचे हप्ते सुटत होते.

लिव्हरपूलचे अमेरिकन मालक हिक्स आणि जिलेट मात्र हलले. त्यांचं सुमारे २३.७ कोटी पौंडांचं कर्ज रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडकडे होतं आणि ते फेडायची तारीख ऑक्टोबर २०१० ची. नवं कर्ज मिळालं असतं तर ते टिकले असते. चाहत्यांनी मालकांना शिव्या देण्याबरोबरच दुसरं काम केलं : ज्या ज्या संस्था नवं कर्ज देण्याच्या बोलण्यात होत्या, त्यांच्या अधिकाऱ्यांना ईमेलचा मारा. या व्यवहारात हात घातलात तर तुमचं नाव कसं खराब होईल, हे समजावणारा. संचालक मंडळात विक्रीच्या बाजूने ३-२ मत पडलं, प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेलं आणि क्लब ३० कोटींना विकला गेला.

ब्लॅकबर्नची अडचण इथेच आहे. तिथे गाठायला बाहेरचा सावकारच नाही. सगळी थकबाकी मालकाची मालकाकडेच. ज्या गोष्टीमुळे क्लब बुडत नाही, त्याच गोष्टीमुळे मालकावर दाब आणता येत नाही. बहिष्काराने चॅम्पियनशिपमधल्या तिकिटांचं उत्पन्न घटतं, तेवढी भर मालकाला घालावी लागते. आणि वर सदाशिवरावांनी सांगितलंय तसं, ती भर अडली तर आधी खेळाडू विकले जातात.

सीए_सदाशिव

एक दुरुस्ती-वजा भर. विक्रीच्या वेळी हे बिनव्याजी कर्ज किती मोठं आहे याला कागदापलीकडे अर्थ नसतो. घेणारा क्लबची आजची किंमत देतो, मालकाने आजवर ओतलेले पैसे देत नाही. त्यामुळे विक्रीआधी बहुतेक वेळा ते माफ करावं लागतं किंवा शेअरमध्ये बदलावं लागतं. म्हणून ब्लॅकबर्नवर लक्ष ठेवणाऱ्याने बातम्यांऐवजी कंपनीज हाउसवरची 'शेअर वाटपा'ची नोंद बघावी. तोटा भरायला अधूनमधून वाटप होतच असतं. पण एका दिवसात नेहमीपेक्षा कितीतरी मोठी रक्कम शेअरमध्ये गेली, तर दुकान आवराआवरीला लागलंय का, हे विचारायला हरकत नाही.

ऑफसाइड_काका

नोंद पाहायला बसलो. ब्लॅकबर्नच्या नावाने पहिलीच कंपनी निघाली ती नळदुरुस्तीवाल्याची. नेमका क्रमांक कुठला घ्यायचा ते कुणीतरी सांगा.